‘वॉर अँड पीस’ इंग्रजीतून घ्यायचं, तर कोणाचं?

विकत घेण्याआधी मुखपृष्ठ उलटा आणि अनुवादकाचं नाव शोधा. नाव छापलेलं नसेल तर प्रत परत ठेवा. टॉलस्टॉयची ही रशियन कादंबरी पूर्ण असेल तर इंग्रजीत साडेपाच लाख शब्दांच्या पुढे जाते, म्हणजे साधारण १२०० ते १४०० पानं. सहाशे पानांत बसवलेली असेल तर ती संक्षिप्त तरी असते, नाहीतर अक्षर डोळे फोडणारं तरी. आणखी एक चकवा आहे. अँड्र्यू ब्रॉमफील्ड यांनी २००७ मध्ये अनुवादलेलं पुस्तक हा टॉलस्टॉयचा आधीचा खर्डा आहे. तो आटोपशीर आहे, पण त्यात कोण जगतं आणि कोण मरतं हेच वेगळं. पहिल्या वाचनाला तो घेऊ नका.

आता खरा प्रश्न फ्रेंचचा. कादंबरी उघडते तीच उमरावांची बैठक भरवणाऱ्या आन्ना पाव्हलोव्हनाच्या फ्रेंच वाक्याने. पीटर्सबर्गचे उमराव एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलतात, आणि टॉलस्टॉय ती भाषा नेमकी वापरतो. कादंबरीतलं एक मुख्य पात्र पिएर आपल्या होणाऱ्या बायकोला, एलेनला, प्रेमाची कबुली देतो तीही फ्रेंचमध्ये. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आठवून म्हटलेलं, उसनं वाक्य. पुढे १८१२ मध्ये, नेपोलियनची स्वारी आल्यावर, जुली नावाच्या उमराव बाईच्या बैठकीत फ्रेंच बोलणाऱ्याला दंड होतो. फ्रेंच डोळ्यांसमोर नसेल तर हे सगळं सपाट होतं.

अँथनी ब्रिग्ज (पेंग्विन, २००५) जवळजवळ सगळं फ्रेंच इंग्रजीत आणतात. याला आधार नाही असं नाही. खुद्द टॉलस्टॉयने १८७३ च्या आवृत्तीत फ्रेंच काढून टाकलं होतं. वाचायला हाच अनुवाद सर्वांत सोपा, संवाद पळतात. फक्त शिपाई जरा जास्तच ब्रिटिश वाटतात. इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसेल तर बेलाशक हा घ्या.

रिचर्ड पेव्हिअर आणि लारिसा वोलोखोन्स्की (२००७) फ्रेंच जसंच्या तसं ठेवून इंग्रजी तळटीपेत देतात. टॉलस्टॉय एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, ते पुनरुक्तीचं वळणही ते सोडत नाहीत. पेत्या या कोवळ्या लष्करी अधिकाऱ्याच्या शेवटच्या रात्री रशियनमध्ये दोनच शब्दांचं वाक्य येतं, ‘काप्लि कापलि’. मराठीत ‘टिपके टिपकत होते’ म्हणावं तसं. इंग्रजीतही ते हा नाद सांभाळतात. किंमत अशी की काही वाक्यं अडखळतात. ईबुकमध्ये तर दर फ्रेंच ओळीला टीपेवर बोट लावावं लागतं, म्हणून हा अनुवाद कागदावरच वाचावा.

आमची पसंती मात्र लुईझ आणि एलमर मॉड यांना. दोघं मॉस्कोत राहिलेले, टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखणारे. १९२२-२३ चा मूळ अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतो, पण त्यात आंद्रेईचा अँड्र्यू आणि मार्याची मेरी झाली आहे, फ्रेंचही बरंचसं गेलं आहे. ऑक्सफर्डच्या २०१० च्या आवृत्तीत एमी मँडेलकर यांनी नावं आणि फ्रेंच दोन्ही परत आणलं. गद्य मॉड यांचं, शांत आणि भरदार. एकच प्रत घ्यायची असेल तर हीच. कॉन्स्टन्स गार्नेटचा १९०४ चा अनुवाद आज केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये.

नावांचा बाऊ करण्याचं कारण नाही. प्योत्र किरिलोविच म्हणजे किरिलचा मुलगा प्योत्र, म्हणजेच पिएर. मधल्या जागी वडिलांचं नाव आपल्याला नवं नाही. लाडाची नावं तेवढी पात्रांच्या यादीत बघत राहा.

दोन अनुवाद ताडून पाहताना प्रकरणांचे आकडे जुळत नाहीत. रशियन रचना चार खंडांची, जुन्या मॉडची पंधरा ‘बुकां’ची. पेत्याची ती रात्र एकीकडे खंड ४, भाग ३, प्रकरण १०. दुसरीकडे बुक १४, प्रकरण १०. उपसंहार दोन्हीकडे दोनच. दुसऱ्याच्या १२ प्रकरणांत गोष्ट नाही, निव्वळ इतिहासचिंतन आहे. ते आठवडाभर थांबून, ताज्या डोक्याने वाचावं.