पुई द दोमवरचं मर्क्युरीचं देऊळ: एका टॉवेलवाल्याचा अभिप्राय

रोखठोक सांगतो. उभे खांब आणि कोरीव कमानी बघायच्या असतील तर फ्रान्समधल्या पुई द दोम डोंगरावर जाऊ नका. तिथं मर्क्युरीच्या देवळाचं जोतं आहे, एकावर एक चढत गेलेले ओटे आहेत आणि जाडजूड भिंतींचे बुंधे आहेत. तरी मी पाचपैकी चार तारे देतोय.

आमचा धंदा टॉवेलचा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग आहेत. लेक या डोंगराजवळच्या क्लेरमों-फेरां शहरात नोकरीला असते. तिच्याकडं गेल्यावर जावई म्हणाले, "मामा, तुमच्या लायनीचा देव आहे बघा त्या डोंगरावर." मर्क्युरी हा रोमनांचा व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा देव. गल्ल्याशेजारी लक्ष्मीचा फोटो लावणाऱ्याला एवढं कारण पुरे की हो.

डोंगर 1,465 मीटर उंच, झोपलेला ज्वालामुखी. वर जायला 2012 पासून दातेरी रुळांवरची विजेची गाडी आहे. पंधरा मिनिटांत माथा. स्वच्छ, मोठ्या खिडक्या, गुडघे दुखणाऱ्यांची उत्तम सोय. पण पाय धड असतील तर सेसा खिंडीतून खेचरवाल्यांची वाट धरा. चढ दम काढतो, पण रोमन काळातले भाविक याच बाजूनं जायचे आणि खिंडीत त्यांच्या सोयीसाठी वस्तीच उभी राहिली होती. मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावड नेणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. देव डोंगरावर बसला की पायथ्याला दुकानं येतातच.

देऊळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. 1870च्या दशकात माथ्यावर हवामान वेधशाळा बांधायला घेतली तेव्हा ते मातीखालून निघालं. मर्क्युरीला वाहिलेली छोटी काशाची पट्टी सापडली, तेव्हा देव कोण ते कळलं. दगड तिथलाच, फिकट राखाडी. काही भिंती अलीकडे नव्यानं रचल्यात, नवा दगड लगेच डोळ्यात भरतो. मला ते खटकलं नाही. जुनं कुठं संपतं ते कळतं तरी. लेकीला अजिबात पटलं नाही. पडलेलं पडलेलंच राहू द्यायचं, म्हणाली. यावर आमची उतरेपर्यंत हुज्जत चालली.

शेजारी देवळाची माहिती देणारं दालन आहे, आधी तिथं जा, मग अवशेषांत. उलटं केलंत तर नुसते दगड दिसतील.

प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की इथल्या अर्वेर्नी लोकांनी झेनोडोरस नावाच्या शिल्पकाराकडून मर्क्युरीची अवाढव्य मूर्ती करवून घेतली. दहा वर्षं काम चाललं आणि चार कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, मोजले. मूर्ती नेमकी या माथ्यावरच होती असं कुणी छातीठोक म्हणू शकत नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न: दहा वर्षांच्या कामाला ॲडव्हान्स किती दिला असेल? आमच्याकडं नव्वद दिवसांची उधारी वसूल करताना जीव जातो.

तिथं मला तेर आठवलं. धाराशिवजवळचं आपलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या पुस्तकात नोंद आहे की तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जायची. पुढं जहाजानं रोमन मुलखाकडं. म्हणजे आपल्या भागाचा कापडाचा एक्स्पोर्ट टॉवेलांच्या कितीतरी आधीचा. तो माल घेणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्यानं गलबत सुखरूप यावं म्हणून याच मर्क्युरीला नवस बोलला असेल, असं आपलं मला वाटत राहिलं. सोलापूरच्या किती कापडवाल्यांनी तेर बघितलंय, हा वेगळा विषय. मीही आता जाणार आहे म्हणा.

एक तारा कापला तो टीव्हीच्या मनोऱ्यामुळं. देवळाच्या उशालाच प्रचंड अँटेना उभी आहे, फोटोतून तिला वगळायला बरीच कसरत करावी लागते. वर खायची सोय आहे, पण आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, ती गवतावर बसून खाल्ली.

मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून निघणाऱ्यांनो, जाकीट घ्याच. वारा कानात शिरतो. आणि ढग माथ्यावर उतरला की समोरची भिंतसुद्धा दिसत नाही, तेव्हा सकाळी हवामान बघून मगच गाडीचं तिकीट काढा.