स्टीमबोट बिल, ज्युनिअर (१९२८): भिंत पूर्ण दिसेल अशीच प्रत निवडा

बस्टर कीटनचा हा मूकपट पाहायचा तो शेवटच्या पंधरा मिनिटांच्या वादळासाठी. आधीची गोष्ट साधीच आहे. जुनाट बोटीचा तापट कप्तान, शिकून परतलेला त्याचा नाजूक मुलगा (कीटन स्वतः) आणि श्रीमंत प्रतिस्पर्ध्याची मुलगी. बाप मुलाला टोप्या घालून पाहतो तो प्रसंग अफलातून आहे, तुरुंगातल्या बापासाठी पावात अवजारं लपवून नेण्याचाही. बाकी मधला भाग रेंगाळतो.

वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या जागी तो जसाच्या तसा उभा राहतो. यात कॅमेऱ्याची करामत नाही. भिंतीचा सांगाडा तळाशी बिजागऱ्यांवर बसवला होता. तो आधी जमिनीवर आडवा पाडून खिडकीची चौकट कीटनच्या मापानं त्याच्याभोवतीच बांधली. खांदे, डोकं आणि टाचा, सगळीकडे मोकळीक फक्त दोन इंच. टाचांच्या जागी खुणेसाठी जमिनीत मोठे खिळे ठोकले, मग सांगाडा उभा करून फळ्या आणि रंग चढवला. खिडकी नेहमीच्या बारा फुटांऐवजी अठरा फुटांवर घेतली. भिंत पायथ्याशी जखडलेली असल्यानं खिडकी जितकी उंच, तितक्याच अंतरावर भिंतीसमोर उभं राहावं लागतं; उंची वाढली की पडण्याचा पल्लाही वाढतो आणि दृश्य भव्य होतं.

खरा धोका वाऱ्याचा होता. विमानाची लिबर्टी इंजिनं लावलेले सहा पंखे सेटवर होते. त्यांचा झोत पडत्या भिंतीवर आला असता तर ती पिळवटून खिडकीची जागा सरकली असती. म्हणून झोत दृश्याच्या पुढच्या आणि मागच्या भागात खेळवला, भिंतीला लागू दिला नाही. शॉट एकदाच घेतला. १९२०च्या ‘वन वीक’ या लघुपटात कीटननं हीच कल्पना लहान भिंतीवर वापरली होती, दोन्ही लागोपाठ पाहिले की आठ वर्षांतली झेप कळते.

झाडाला लटकून उडण्याची गंमत त्यामानानं कमी पटते, कारण झाड क्रेनला टांगलंय हे त्याच्या झोक्यावरून ओळखू येतं. वाऱ्यावर रेलून चालण्याचा भाग मात्र पुन्हा पुन्हा पाहावा. तिथे शरीराचा कल आणि पावलांची पकड खऱ्या झोताशी झुंजते.

प्रत निवडताना लांबी ७० मिनिटांच्या आसपास आहे ना, ते पाहा. बरीच कमी असेल तर काटछाट झालेली असते किंवा वेग वाढवलेला असतो. चित्र ४:३ (रुंदी ४, उंची ३) चौकटीतच हवं. रुंद पडदा भरायला वर-खाली कापलेल्या प्रतीत भिंतीचा माथा आणि कीटनचे पाय एकत्र दिसत नाहीत, मग तो नेमका कुठे उभा आहे हेच समजत नाही. टीव्हीवरचं झूम आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, दोन्ही बंद करा.