सोनी ए७आर ५: ६१ मेगापिक्सेल, हळदीचा पिवळा आणि कासचा जांभळा

ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेला सोनी ए७आर ५ हा कॅमेरा आता सातारा-सांगली पट्ट्यातल्या बऱ्याच स्टुडिओंच्या विचारात असतो. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा) सेन्सर, ६१ मेगापिक्सेल, ९५०४ बाय ६३३६ पिक्सेलची फ्रेम, आणि नुसती बॉडी तीन लाखांच्या वर. गिऱ्हाइकाची पहिली शंका ठरलेली असते: एवढे पिक्सेल कोंबलेत, मग रात्रीच्या मंडपात दाणे, म्हणजे नॉईज, दिसणार की नाही? दिसतात, पण त्यावर उपाय आहेत. पैसे वसूल होणार की वाया जाणार हे आपल्याकडे रंगावर ठरतं, त्यातही पिवळ्यावर.

दाण्यांचा हिशेब आधी उरकून घेऊ. इथला एक पिक्सेल सुमारे ३.७६ मायक्रॉनचा, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमचा साधारण ६ मायक्रॉनचा. लहान पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० चा फोटो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, उघडला की सावल्यांत दाणे उठतात. मात्र २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्के म्हणजे साडेआठ फूट रुंदीचा प्रिंट हातभर अंतरावरून बघणं झालं. तोच फोटो लांबी-रुंदी निम्मी करून १५ मेगापिक्सेलवर आणा. चार पिक्सेलांची सरासरी होते आणि नॉईज जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे सारख्या आकाराच्या प्रिंटवर हा कॅमेरा आणि सोनीचाच ३३ मेगापिक्सेलचा ए७ ४ शेजारी ठेवले, तर आयएसओ ६४०० पर्यंत फरक शोधावाच लागतो. १२८०० ला एक्स्पोजर (फोटोला मिळालेला प्रकाश) नेमकं असेल तरच अल्बममध्ये चालेल. कमी पडलेला फोटो ओढून वर काढला तर काळ्या भागात किरमिजी झाक येते.

एक गोष्ट मात्र पाठच करावी अशी आहे. या सेन्सरला दोन गेन (सिग्नल वाढवण्याच्या पातळ्या) आहेत आणि दुसरा आयएसओ ३२० ला सुरू होतो. म्हणून सावलीतला नॉईज २५० पेक्षा ३२० ला कमी असतो. १०० पुरत नसेल तर २०० आणि २५० वर न रेंगाळता थेट ३२० वर जावं. ३२० च्या पुढे, रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाईल) काम करत असाल तर, कॅमेऱ्यात आयएसओ वाढवणं आणि नंतर लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर वाढवणं यात सावल्यांपुरता फारसा फरक राहत नाही. नवरीच्या शालूची जर आणि मागचे दिवे जळू नयेत असं वाटत असेल, तर १६०० ऐवजी ८०० वर घेऊन नंतर एक स्टॉप (दुप्पट उजेड) उचलणं जास्त शहाणपणाचं.

नॉईज वाढण्याचं दुसरं कारण सेन्सरमध्ये नसतं, शटरमध्ये असतं. ६१ मेगापिक्सेलला हाताची बारीकशी थरथरही दिसते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला १/८० सेकंदाचा शटर पुरेसा हा जुना हिशेब इथे लागू पडत नाही, १/२०० धरावा. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, अक्षता टाकणाऱ्याचा हात नाही. शटर दुपटीहून वेगवान केला की आयएसओ एका स्टॉपहून जास्त चढतो, आणि दोष मात्र पिक्सेलांना दिला जातो.

आता पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून हळद लागलेल्या अंगावरून निळा जवळजवळ परत येतच नाही. त्यात समारंभ पिवळ्या बल्बखाली, २९०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा) आसपास, म्हणजे मुळात प्रकाशातच निळा कमी. व्हाइट बॅलन्स जुळवताना, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग सावरताना, कॅमेरा तो रिकामा निळा चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा) अडीच-तीन पट वाढवतो आणि त्याच्यासोबत त्यातला नॉईजही. नाकाशेजारी, जबड्याखाली, मानेच्या वळीत जे निळसर-जांभळे डाग दिसतात ते इथून येतात. त्याच फ्रेममध्ये कपाळावर लाल चॅनल जळून सपाट पिवळा-केशरी पट्टा झालेला असतो. एक चॅनल उपाशी आणि दुसरा ओसंडतोय अशी स्थिती असताना आयएसओ खालीवर करून काही साधत नाही.

उपाय प्रकाशात आहे. छतावर किंवा पांढऱ्या कनातीवर फ्लॅश बाउन्स करा आणि त्यावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावू नका. फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा प्रकाश निळ्या चॅनलला खाऊ घालतो. समारंभ दिवसा असेल तर बल्ब बंद करून ओसरीच्या उजेडात बसवायला सांगा. मांडववाल्याशी ओळख असेल तर त्या कोपऱ्यापुरते ५००० केल्विनचे एलईडी मागून घ्या. एक्स्पोजर ठरवताना पांढरा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) न बघता लाल बघा. हा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, त्यामुळे क्रिएटिव्ह लुक (कॅमेऱ्यातली रंगांची ठरलेली शैली) एनटी, म्हणजे न्यूट्रल, ठेवा आणि सॅच्युरेशन थोडं उतरवा. व्हीव्ही या भडक लुकवर लाल चॅनल रॉमध्ये शाबूत असतानाही जळालेला दाखवतो, माणूस घाबरून एक्स्पोजर उतरवतो आणि निळ्याची उपासमार आणखी वाढते.

ऑटो व्हाइट बॅलन्ससाठी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड मोजणारा सेन्सर आहे. एलईडी आणि ट्यूबलाइटमध्ये त्याचा खरोखर उपयोग होतो. तरीही सगळी फ्रेमच पिवळी असली की ऑटो डगमगतो, एक फोटो गार आणि पुढचा ऊबदार निघतो. ग्रे कार्डवर (करड्या रंगाचं प्रमाण कार्ड) कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं केलं की पुढचे दोनशे फोटो एकाच झटक्यात सुधारता येतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांसाठी हळदीच्या पाकिटांचं काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पाकिटावरचा रंग मालाशी जुळावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण चांगल्या पावडरीचा गडद पिवळा एसआरजीबीच्या (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या) कुंपणाबाहेर जातो. निळा चॅनल शून्यावर बसतो, ढिगातल्या कणांची खडबड नाहीशी होते आणि पिवळ्या रंगाचा नुसता ठिपका उरतो. लोक हा दोष कॅमेऱ्याला लावतात. रॉ फाईलमध्ये तो तपशील असतो. लाइटरूमच्या एचएसएलमध्ये (एकेका रंगाची छटा, गडदपणा, उजळपणा बदलण्याची जागा) पिवळा आणि केशरी यांचं सॅच्युरेशन १० ते १५ ने उतरवा, ल्युमिनन्स थोडी खाली घ्या आणि छापखान्याचं प्रोफाईल लावून सॉफ्ट प्रूफमध्ये (छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर) बघा. खडबड परत येते. प्रकाश एका बाजूने, टेबलाच्या पातळीच्या जरा वरून ठेवलात तर हे काम निम्मं आधीच होतं.

कऱ्हाड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाच्या यात्रेत हाच पिवळा उन्हात भेटतो. भंडाऱ्याचा ढग हवेत थिजवायला १/१००० किंवा वेगवान शटर लागतो, आणि लाल चॅनल वाचवायला एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली. तिथे लेन्स बदलू नये. बॉडी धूळरोधक असली तरी माउंट उघडल्यावर तिचा इलाज चालत नाही. सेन्सरवर बसलेली पूड एफ/११ सारख्या बारीक अपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) आकाशात ठिपक्यांच्या रूपाने उमटते.

साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठारावर प्रश्न उलटा होतो. सीतेची आसवं आणि कारवी डोळ्यांना जांभळी दिसतात, फोटोत निळी येतात. सेन्सरवरचे रंगाचे फिल्टर जांभळ्याला आपल्या डोळ्यासारखा प्रतिसाद देत नाहीत. जांभळा बघताना डोळ्याला जी लालसर झाक जाणवते, ती सेन्सरला कमी मिळते. कलर चेकरचा (प्रमाण रंगांच्या चौकटींच्या कार्डाचा) एक फोटो त्याच ढगाळ उजेडात घेऊन त्यावरून प्रोफाईल बनवलं तर बराच फरक भरून निघतो. तेवढा वेळ नसेल तर निळ्या आणि जांभळ्याचा ह्यू (छटा) किरमिजीकडे सरकवावा, पण तो फक्त फुलांवर मास्क लावून. सगळ्या फोटोवर लावला की डोंगरही जांभळे होतात. शेजारच्या पिवळ्या सोनकीला मात्र जवळजवळ हात लावावा लागत नाही.

पठारावर धुकं असलं की लोक लाइटरूममधला धुकं कमी करणारा डिहेझ ओढतात. +४० वर आयएसओ १०० लाही करड्या भागात दाणे येतात, कारण धुक्याचा सगळा फोटो हिस्टोग्रामच्या अरुंद पट्ट्यात असतो आणि डिहेझ तो पट्टा ताणतो. +१५ वर थांबावं, धुकं धुक्यासारखंच दिसू द्यावं. वाऱ्यात हलणाऱ्या फुलांना १/५०० च्या खाली धार येत नाही. आणि एफ/१६ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरून फोटो मऊ होतो) ६१ मेगापिक्सेलचा फायदाच संपतो. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहावं.

लग्नाच्या हॉलमधल्या जांभळ्या-निळ्या एलईडीत हा कॅमेरा इतरांइतकाच लंगडा आहे. अशा दिव्यांचा प्रकाश रंगाच्या अरुंद पट्ट्यातला असतो, निळा चॅनल जळतो आणि गालावर सपाट चट्टे पडतात. एक स्टॉप खाली घ्या आणि चेहऱ्यावर आपला पांढरा दिवा टाका. सायलेंट शटर तिथे टाळलेलाच बरा: हा सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे एलईडीखाली आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर आणि १/१०० धरला की आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवरचे साधे दिवे त्रास देत नाहीत. एलईडी वॉलसाठी व्हेरिएबल शटर वापरून पट्टे जाईपर्यंत वेग बारीक बदलावा लागतो.

सेन्सरपुढे तपशील किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर नसल्यामुळे बारीक विणीच्या उपरण्यावर आणि जरीवर कधी कधी इंद्रधनुषी लाटा, म्हणजे मॉइरे येतो. एक पाऊल पुढे-मागे सरकल्यास बहुतेक वेळा जातो. जेपेग देणाऱ्यांनी हाय आयएसओ नॉईज रिडक्शन नॉर्मलवरून लो करावं. नॉर्मलवर जरीचा लोण्यासारखा गुळगुळीत लेप होतो. रॉवर या सेटिंगचा काही परिणाम नाही.

मिरजेचा तंबोरा किंवा सतार यांसारख्या स्थिर वस्तूंसाठी पिक्सेल शिफ्ट मल्टी (सेन्सर किंचित सरकवत अनेक फोटो घेण्याची सोय) भारी आहे. चार फोटोंत प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा तिन्ही प्रत्यक्ष मिळतात, त्यामुळे भोपळ्यावरच्या गडद पॉलिशच्या सावल्या स्वच्छ येतात. ट्रायपॉड पक्का हवा, पंखा बंद हवा, आणि चार फाईली जोडायला संगणकावर सोनीचं इमेजिंग एज लागतं.

संगणकाचा खर्च आधीच धरून ठेवा. अनकॉम्प्रेस्ड रॉ १२० एमबीच्या वर जाते, म्हणून लॉसलेस कॉम्प्रेस्डच वापरावी. लाइटरूमचं नॉईज काढणारं डीनॉईज एप्रिल २०२३ पासून आहे आणि ६४०० च्या फोटोंना चांगलं सावरतं, पण ५० या मूळ आकड्यावर कातडी मेणासारखी होते; ३० ते ३५ पुरे. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर एकेका फाईलला मिनिटं लागतात. अख्ख्या लग्नावर चालवू नका, अल्बमसाठी निवडलेल्यांवरच चालवा.

१२ बाय ३६ इंचांच्या शीटवर एकच फोटो आडवा पसरला तर या कॅमेऱ्यातून २६४ पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) मिळतात, ए७ ४ मधून १९५. हातात धरून बघताना हा फरक कळतो. पण शीटवर चार-पाच फोटो असतील, आणि बहुतेक अल्बममध्ये असतातच, तर काहीच कळत नाही. निव्वळ लग्नं करणाऱ्याने ए७ ४ घेऊन उरलेल्या पैशांत दोन चांगले फ्लॅश आणि एक एफ/१.४ लेन्स घ्यावी. हळदीची, वाद्यांची, चित्रांच्या प्रतींची किंवा कासच्या मोठ्या प्रिंटची कामं हातात असतील, तर ए७आर ५ सोबत कलर चेकर आणि कॅलिब्रेट करता येणारा मॉनिटर एकाच बिलात घ्या.