प्रागचा राजमार्ग: चढून जावा की उतरत यावा?

प्राग एका दिवसात पायी बघणारे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातल्या जुन्या राज्याचे राजे राज्याभिषेकासाठी जिथून मिरवत किल्ल्यावर जायचे, ती ही वाट: पावडर टॉवर, त्सेलेत्ना रस्ता, जुन्या शहराचा चौक, कार्लोवा गल्ली, चार्ल्स पूल, पलीकडची माला स्त्राना ही वस्ती, नेरुदोवा रस्ता आणि वर किल्ला. अशी शेवटची मिरवणूक १८३६ मध्ये निघाली. अंतर सुमारे अडीच किलोमीटर. चढ साधारण ७० मीटरचा, आणि तो जवळजवळ सगळा पूल ओलांडल्यानंतर लागतो.

वाट ठरलेली असली तरी दिशा आपल्या हातात असते. राजांसारखं खालून वर चालत जायचं, की २२ नंबरच्या ट्रामने वर जाऊन रमतगमत उतरायचं? बरेच जण पायांचा विचार करून उतार निवडतात. पण पाय ही यातली लहान बाब आहे. ऊन कुठून येतं, पुलावर गर्दी कधी होते आणि किल्ल्यातली दारं कधी बंद होतात, यावर दिवस जास्त ठरतो.

आधी ऊन. किल्ला नदीच्या पश्चिमेला, जुनं शहर पूर्वेला. सकाळी खालून वर निघालात की सूर्य पाठीशी असतो आणि समोर किल्ला उजळलेला दिसतो, पुलावरून फोटो हवा तर तो याच वेळी. सकाळी किल्ल्यावरून खाली बघितलं तर ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि शहराचे मनोरे काळ्या सावल्यांसारखे दिसतात. दुपारनंतर सगळं उलटतं: वरून दिसणारी लाल कौलं झळाळतात, खालून किल्ला काळवंडतो. म्हणजे चढायचं तर सकाळी, उतरायचं तर दुपारी.

आता गर्दी. पूल सुमारे ५१६ मीटर लांब आहे, त्यावर ३० पुतळे आहेत आणि दुपारी त्यातला एकही धड बघता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी सातला तिथे फोटोवाले आणि धावणारे सोडून फारसं कोणी नसतं. सातला पावडर टॉवरहून निघालात तर वीस-पंचवीस मिनिटांत पुलावर पोहोचता. नेपोमुकच्या संत योहानचा १६८३ चा ब्राँझचा पुतळा किल्ल्याकडे जाताना उजव्या हाताला आहे. चौथऱ्यावरच्या पट्टीचा ठरावीक भाग हात लावून लावून पिवळाधमक झालाय, त्यावरून तो लगेच ओळखता येतो. माला स्त्रानात नाश्ता उरकून नऊच्या सुमारास किल्ल्यात शिरता येतं. आवार सकाळी सहापासून खुलं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते आतल्या वास्तूंना. त्या एप्रिल ते ऑक्टोबर ९ ते ५ आणि नोव्हेंबर ते मार्च ९ ते ४ उघड्या असतात. सेंट व्हाइटस कॅथेड्रलची रांग दहानंतर लांबत जाते, त्यामुळे नऊला पहिला मान कॅथेड्रललाच द्यावा. रविवारी प्रार्थनेमुळे कॅथेड्रल दुपारी बारानंतर उघडतं. तेव्हा रविवारी चढून जाण्याचा हा मोठा फायदा हातातून जातो.

चढून जाण्यात एक गोष्ट हुकते. जुन्या टाउन हॉलवरच्या खगोलीय घड्याळातले येशूच्या प्रेषितांचे (पट्टशिष्यांचे) पुतळे सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला फिरतात, आणि सात वाजता तुम्ही तिथून पुढे गेलेले असता. फार हळहळू नका, तो खेळ मिनिटभराचा आहे. खरी मौज तबकडीत आहे, आणि सकाळी मोकळ्या चौकात ती निवांत वाचता येते. १४१० च्या या घड्याळाच्या आतल्या सरकत्या वर्तुळावर बारा राशी आहेत आणि सूर्याचं चिन्ह चालू राशीवर असतं. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी १ ते २४ आकडे आहेत. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजत, हे कडं तास सूर्यास्तापासून मोजतं. म्हणून ते वर्षभर पुढेमागे सरकत राहतं. पुतळ्यांचा खेळ संध्याकाळी परत येऊन बघता येतो.

उतरत यायचं असेल तर मालोस्त्रान्स्का मेट्रोपासून २२ नंबर धरा, पाटीवर बिला होरा ही दिशा बघा. इथे लोक उतरण्याच्या थांब्यात गोंधळतात. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरलात तर पाच-सात मिनिटांत उत्तरेकडून किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात पोहोचता. त्याच्या दोन थांबे पुढचं पोहोर्जेलेत्स किल्ल्याहूनही उंचावर आहे. तिथून स्त्राहोव मठाच्या कठड्यावरून सगळं शहर एका नजरेत दिसतं आणि मग लोरेतान्स्का रस्त्याने उतरत किल्ल्याच्या मुख्य दाराशी येता. वेळ असेल तर दुसरा पर्यायच चांगला. ट्रामचं कागदी तिकीट यंत्रात एकदा शिक्का मारल्याशिवाय लागू होत नाही. खिशातलं कोरं तिकीट तपासनीसाच्या लेखी बिनतिकीटच. या ट्राममध्ये खिसेकापूही असतात, पिशवी पुढे घ्या.

उतरणाऱ्यांचा ठरलेला घोटाळा किल्ल्याच्या शेवटी होतो. किल्ल्यातली गोल्डन लेन ही गल्ली बघून झाली की पाय आपोआप पूर्वेच्या दाराकडे वळतात, तिथून जुन्या पायऱ्या थेट मालोस्त्रान्स्का मेट्रोपाशी उतरवतात आणि नेरुदोवा राहूनच जातो. तो चुकवू नये. घरांना नंबर येण्याआधी, म्हणजे १७७० च्या आधी, तिथली घरं दारावरच्या चिन्हांनी ओळखली जायची: तीन व्हायोलिनी, दोन सूर्य. त्यासाठी किल्ल्याच्या पश्चिम दारातूनच बाहेर पडा. मात्र बाराच्या ठोक्याला पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा मोठा समारंभ होतो आणि ते दार तुंबतं. पावणेबाराच्या आत निघा किंवा साडेबारा होऊ द्या.

चढणारे उलट बाजूने चुकतात. नेरुदोवाच्या वरच्या टोकाला उजवीकडे मागे वळून के ह्रादू हा चढ लागतो. तो लक्षात आला नाही तर सरळ ऊवोझ रस्त्याने मठाकडे जाता. खाली कार्लोवा गल्लीही नागमोडी आहे आणि उंच भिंतींमुळे फोनवरचा निळा ठिपका उड्या मारतो. नकाशा आधीच उतरवून ठेवा. 'मापी' हे चेक अ‍ॅप पायऱ्या आणि पायवाटा बारकाईने दाखवतं. प्रत्येक घरावर दोन पाट्या असतात, लाल आणि निळी. निळीवरचा आकडा रस्त्यातला क्रमांक, तोच शोधायचा. लाल पाटीवरचा आकडा सगळ्या वस्तीत मिळून दिलेला असतो, म्हणून शेजारच्या घरांवर तो कुठलाच क्रम पाळत नाही. नकाशात पत्ता '२३३/४७' असा दिसला तर ४७ बघा.

मग कोणी काय निवडावं? सकाळी सहाला उठायची तयारी आणि अर्ध्या तासाची चढण झेपत असेल तर खालून वर जा, आमचा कौल तिकडेच. सोबत आजी-आजोबा असतील किंवा हॉटेलमधून निघायलाच अकरा वाजणार असतील तर ट्रामने वर जा. उशिरा निघून खालून सुरुवात करणं सगळ्यात वाईट: पुलावर भर गर्दी आणि वर पोहोचेपर्यंत आतल्या वास्तू बंद व्हायला आलेल्या. किल्ल्याचं तिकीट दोन दिवस चालतं, पण एका दिवसाच्या प्रवाशाला त्याचा काय उपयोग? गुडघेदुखीवाल्यांनी उतार सोपा समजू नये. छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी घासून गुळगुळीत झालेली असते आणि पावसात घसरते. बाबागाडीचंही तेच.

डिसेंबर-जानेवारीत हे गणित बदलतं. सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आसपास मावळतो, म्हणून सातला निघून काही मिळत नाही. साडेआठला पूल गाठा, बर्फ असेल तर चढूनच जा आणि परतीला नेरुदोवा न उतरता 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावरून मालोस्त्रान्स्काच्या दिशेची २२ धरा.