रँचवरची हलकीफुलकी प्रेमकथा: गुरांचा रँच घ्यावा की पाहुण्यांचा?

अमेरिकेतल्या मॉन्टाना किंवा वायोमिंगमध्ये घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा लिहायची असेल, तर आधी रँच, म्हणजे तिथली मोठी कुरणवाडी, ठरवा. एक गुरं पाळणारा, दुसरा शहरी पाहुण्यांना ठेवून घेणारा ‘ड्यूड रँच’. घोडे आणि टोप्या दोन्हीकडे सारख्याच, पण दोघांना जवळ आणणारं कारण वेगळं, आणि सगळी कादंबरी त्या कारणावर उभी राहते.

पाहुण्यांच्या रँचवर कारण आयतं मिळतं. मुक्काम बहुधा रविवार ते शनिवार, म्हणजे मुदतही ठरलेली. पहिल्या सकाळी प्रत्येकाला घोडा नेमून देतात आणि रिकिबीची लांबी जुळवतात. त्यासाठी नायकाला घोड्यावर बसलेल्या नायिकेच्या गुडघ्याशी उभं राहावंच लागतं. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना काही घोडे पोट फुगवून धरतात, चार पावलं चालले की सैल सोडतात. तो पुन्हा आवळला नाही तर खोगीर एका बाजूला कलंडतं. विनोद तिथेच घडतो, आणि त्याला दुसऱ्यांदा जवळ यायचं निमित्तही मिळतं.

पंचाईत होते ती शनिवारनंतर. ती घरी गेली की उरलेली कथा फोनवर चालते आणि मरगळते. म्हणून तिला पाहुणी न करता स्वयंपाकघरात हंगामी कामाला ठेवा. हंगाम साधारण मे अखेर ते सप्टेंबर. प्रेमात पडायला चार महिने पुरतात. (पाहुण्यांचा रँच हा प्रकार नवा नाही: ईटन भावांचा रँच १९०४ पासून वायोमिंगमध्ये वुल्फ इथे पाहुणे घेतो आहे.)

गुरांच्या रँचवर कथेची गती कामांच्या वेळापत्रकातून येते. विणीचा हंगाम बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी ते एप्रिल, त्यानंतर वासरांना ओळखीचा डाग देणं, उन्हाळ्यात गवताचे गठ्ठे, ऑक्टोबरच्या सुमारास वासरांची विक्री. काही कारण न देता जुलैत वीण दाखवली, तर जाणकार वाचक तिथेच अडखळतो. विणीच्या दिवसांत पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या) गाईंसाठी रात्री दर २-३ तासांनी फेरी असते. बर्फात जन्मलेलं वासरू गारठलं, तर घरात आणून टबातल्या कोमट पाण्यात धरतात, डोकं वर ठेवून. मग कोरडं करून पहिल्या काही तासांतच चीक पाजतात. झोप न झालेली दोन माणसं त्या टबाशी गुडघे टेकून बसली, की प्रेमाची वेगळी तजवीज करावी लागत नाही.

इथे जपायचं ते कर्जापासून. बँकेची जप्ती प्रत्येक प्रकरणात डोकावू लागली की हलकेपणा संपतो. पैशाची अडचण एकच ठेवा, आणि ती मध्यापर्यंत सुटू द्या.

पहिलीच कादंबरी असेल, तर मी पाहुण्यांचाच रँच सुचवेन. गुरांची माहिती पक्की असेल आणि हळूहळू फुलणारं प्रेम हवं असेल, तर मार्चमधल्या त्या टबापासून सुरुवात करा.