लँडबोर्डिंगचा पहिला पतंग: चार दोऱ्यांची हँडले की डीपॉवरचा बार?

पतंगाच्या ओढीवर चाकांचा बोर्ड पळवण्याचे वेड लागून जो आता पैसे खर्च करायला निघाला आहे, त्याच्यापुढचा खरा प्रश्न बोर्डाचा नसून पतंगाचा असतो. बोर्डाच्या बाबतीत चूक झाली तर एखादा सुटा भाग बदलून ती सुधारता येते. पतंग चुकला तर तो माळ्यावर जातो आणि बहुधा छंदही त्याच्याबरोबर जातो. मी दोन उन्हाळे बडोद्याच्या आसपासच्या मैदानांवर चार दोऱ्यांचा हँडलवाला आणि बारने जोर कमी-जास्त करता येणारा डीपॉवर, असे दोन्ही प्रकार वापरले आहेत. त्यांपैकी एक पतंग माझा स्वतःचा आहे आणि दुसरा पुण्याच्या एका मित्राने हंगामभर उसना दिला होता, त्यामुळे माझे मत अगदी निःपक्षपाती आहे असा दावा मी करणार नाही.

दोन पर्याय आधीच बाजूला काढतो. हवा भरून ताठ केलेल्या नळीचा पतंग मुळात पाण्यासाठी घडवलेला आहे. फ्रान्सच्या लगेन्यू बंधूंनी 1984 मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते पाण्यात पडलेला पतंग तरंगावा आणि तिथूनच पुन्हा उठावा यासाठी. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पडीक जमिनीच्या कडेने गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेली असते आणि तिच्या काट्यापुढे त्या नळीचे काही चालत नाही. दुसरा पर्याय दोन दोऱ्यांच्या लहान सराव-पतंगाचा. डावे-उजवे हाताला बसण्यासाठी तो उत्तम आहे, पण बोर्डावर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाला ओढून नेण्याची ताकद त्याच्यात नसते. तेव्हा कुणाकडून आठवडाभर मागून आणता आला तर आणावा, विकत घेऊ नये असे मला वाटते.

उरलेले दोघे एकाच घराण्यातले आहेत. दोन्ही फॉइल, म्हणजे कापडी कप्प्यांत वारा भरून फुगणारे पतंग, आणि दोघांचेही मूळ डोमिना जालबर्ट यांनी 1964 मध्ये केलेल्या पॅराफॉइलमध्ये सापडते. खरा फरक हातात काय येते याचा आहे. हँडलच्या पतंगात प्रत्येक हाताला दोन दोऱ्या येतात. वरची दोरी ओढ घेते, खालची ब्रेक लावते, आणि पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन एकदा बांधला तसाच राहतो. डीपॉवरमध्ये ओढ कमरेच्या हार्नेसवर, म्हणजे कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर, येते, आणि बार अंगाकडे घेतला की जोर वाढतो, दूर ढकलला की कमी होतो.

या ठिकाणी उत्तरायणात, म्हणजे गुजरातच्या संक्रांतीच्या पतंगबाजीत, वाढलेल्या माणसासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या लिखाणात ती सापडत नाही. रावपुऱ्यातल्या गच्चीवर लहानपण गेलेल्या माझ्यासारख्याच्या बोटांत एक सवय मुरलेली असते, ती म्हणजे ओढ वाढली की ढील द्यायची. हँडलच्या पतंगाला ढील हा प्रकार ठाऊकच नाही. हात पुढे सोडले की दोऱ्या सैल पडतात, पतंगाचे नाक मुडपते आणि तो चुरगळून खाली येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सैल पडलेल्या दोऱ्या पुन्हा ताणल्या जाताना असा झटका बसतो की माणूस बोर्डावरून उतरूनच पुढचा विचार करतो. डीपॉवरचा बार मात्र या जुन्या सवयीशी जुळतो: घाबरून हात लांब केले की जोर खरोखरच कमी होतो. पहिल्या दोन दिवसांत मला मित्राचा पतंग जास्त समजूतदार वाटला, तो याच कारणाने.

डीपॉवरच्या बाजूने एवढेच नाही. आमचा वारा समुद्रकाठच्या वाऱ्यासारखा सलग नसतो. मे महिन्यात दुपार कलली की खंभातच्या आखाताकडून नैर्ऋत्येचा वारा लागतो, पण तापलेल्या जमिनीवरून येताना तो झुळकांचा आणि झपाट्यांचा होतो, आणि मैदानाच्या वाऱ्याकडच्या अंगाला इमारती असल्या तर विचारूच नये. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ साधारण चौपट होते. ताशी 15 किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात धरलेला पतंग 30 च्या झपाट्यात काय करेल याचा अंदाज त्यावरून येईल. अशा वेळी बार ढकलून जोर सोडता येणे ही मोठीच सोय आहे. शिवाय भार कमरेवर असल्यामुळे हात भरून येत नाहीत. हँडलवर अर्ध्या तासात माझी मनगटे बोलू लागतात. दोन हँडलांना जोडणारा पट्टा हार्नेसच्या आकड्यात अडकवून त्यावर उपाय करता येतो, परंतु नवशिक्याने स्वतःला पतंगाला अडकवून घेऊ नये असे मला अजूनही वाटते.

इतके सगळे डीपॉवरच्या पारड्यात टाकूनही मी घेतला तो चार दोऱ्यांचा हँडलवाला पतंग, आणि त्याचे कारण उडणाऱ्या पतंगात नाही, पडलेल्या पतंगात आहे.

नवशिक्याचा पतंग पडतो. तो किती वेळा पडतो हे दुकानाच्या माहितीपत्रकात कधीच लिहिलेले नसते. वारा दोन क्षण मंदावला की पडतो, बोर्डाकडे पाहायला मान खाली घातली की पडतो, आणि पडतो तो बहुधा नाकावर, म्हणजे कप्प्यांची तोंडे जमिनीला लावून. मित्राच्या डीपॉवरलाही मागच्या दोऱ्या खेचून उलटा उठवण्याची सोय होती आणि चांगल्या वाऱ्यात ती चालतही असे. पण पतंग पडतो तो नेमका वारा मंदावल्यावर, आणि मंद वाऱ्यात तो जेमतेम हातभर उचलला जाई, आडवा होई आणि पुन्हा बसे. मग बोर्डाचे पट्टे सोडवून पाय काढायचे, बार जमिनीवर ठेवायचा, दोऱ्यांच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे 25 मीटर, चालत जायचे, पतंग उताणा करून मागच्या कडेवर माती टाकायची, परत यायचे, आणि येईपर्यंत एखादी झुळूक येऊन त्याने कूस बदललेली असली तर पुन्हा जायचे. एका संध्याकाळी मी मोजले. सव्वा तासात सतरा फेऱ्या झाल्या. जाऊन-येऊन 50 मीटर धरले तर पाऊण किलोमीटरहून जास्त चाल झाली, तीही हेल्मेट आणि गुडघ्यांची कवचे घालून, दिवसभर 42 अंशांत भाजलेल्या मैदानावरून. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष बोर्डावर मी किती अंतर गेलो हे मी मोजले नाही, आणि ते बरेच झाले.

हँडलच्या पतंगात याच प्रसंगाचा निकाल जागच्या जागी लागतो. दोन्ही हँडलांची खालची टोके अंगाकडे ओढली की ब्रेकच्या दोऱ्या ताणतात, पतंग मागच्या कडेने वर उठतो आणि उलटाच, पाठमोरा चढू लागतो. माणसाच्या उंचीच्या वर गेला की एका हाताचा ब्रेक सोडायचा, तो स्वतःभोवती वळतो, नाक आकाशाकडे करतो आणि निघतो. हे जमायला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर मी पतंगापर्यंत चालत गेलो ते दोऱ्या गुंतल्या तेव्हाच. पाणी प्यायला थांबायचे असेल तर जमिनीत एक लोखंडी खुंटी ठोकून हँडलांच्या ब्रेकच्या बाजू तिच्यात अडकवल्या की ओढ फक्त ब्रेकवर राहते आणि पतंग मुकाट्याने पडून राहतो. एकट्याने जाणाऱ्यासाठी ही खुंटी म्हणजे सोबतीच आहे. बडोद्यात या खेळासाठी रोज सोबती मिळेल अशा भरवशावर कुणी राहू नये.

आणखी एक त्रास याला लागूनच आहे. फॉइलच्या पोटाला बारीक दोऱ्यांची जी जाळी असते, ती ब्रायडल म्हणजे आपल्या साध्या पतंगाच्या किन्न्याचीच, म्हणजे कन्नीचीच, थोरली बहीण. हँडलच्या पतंगात ती साधी असते; डीपॉवरमध्ये कोन बदलायचा असल्याने तिच्यात दोऱ्या जास्त आणि बारीक पुल्याही असतात. कापणीनंतरच्या खुंटांत किंवा वाळलेल्या काटक्यांत ती अडकली म्हणजे सोडवण्याचे काम शिवणकाम उसवण्यासारखे होते, आणि पुल्यांत गोराडू मातीची धूळ गेली की त्या कुरकुरतात. समुद्रकिनाऱ्याच्या घट्ट वाळूवर हा प्रश्न इतका जाणवणार नाही हे मान्य केले पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण दोन्हींमध्ये ती आहे. हँडलला मनगटाचे पट्टे असतात. हँडले सोडून दिली की ते ब्रेकच्या दोऱ्या ओढून पतंगाचा जोर संपवतात. डीपॉवरमध्ये आकड्यावरची सुटका-कळ ढकलावी लागते. घाबरलेल्या माणसाला कळ शोधण्यापेक्षा मूठ उघडणे सोपे जाते असा माझा अनुभव आहे. ज्यांचे डोके अशा वेळी थंड राहते त्यांना यात फारसा फरक वाटणार नाही. कुठलाही पतंग घेतला तरी तो विजेच्या तारांच्या आणि हरणीच्या विमानतळाच्या आसपास काढायचा नाही, हे बडोद्यात वेगळे सांगायला नको.

आकाराबाबत हाव धरू नये. माझे वजन 70 किलोच्या आसपास आहे आणि ताशी 20 ते 25 किलोमीटरच्या वाऱ्यात 3 चौरस मीटरचा पतंग मला कडक जमिनीवर पुरतो. 4 चा घेतला असता तर मंद दिवस जास्त सापडले असते, पण सुरुवातीच्या आठवड्यांत मी आडवाही जास्त झालो असतो. त्याच वाऱ्यासाठी डीपॉवर फॉइल बराच मोठा लागतो, म्हणजे गाडीत जागा जास्त आणि जमिनीवर पसरण्याचा व्यापही जास्त. लांबट, निमुळते पतंग वेगवान असतात, तेही पहिल्या वर्षी नकोत.

बोर्डाबद्दल जे सांगण्यासारखे आहे ते चाकांपाशीच संपते. उतारावरून उतरण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बोर्डांना हाताचा ब्रेक असतो. पतंगाच्या बोर्डाला तो लागत नाही, कारण पतंग डोक्यावर नेऊन आणि बोर्ड वारा येतो त्या बाजूला कापून थांबता येते, तेव्हा त्याचे पैसे वाचवावेत. चाके 8 इंची की 9 इंची हा वाद जमिनीप्रमाणे सुटतो: पादऱ्याच्या बाजूच्या मैदानांवर 8 इंची पुरतात, डभोईकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांवर 9 इंचीही कमी वाटतात आणि तिथे न गेलेले उत्तम. 8 इंची चाकाचा टायर बहुधा 200 बाय 50 मापाचा असतो, जो छोट्या विजेच्या स्कूटरलाही लागतो, त्यामुळे ट्यूब शोधत फिरावे लागत नाही. ही माहिती क्षुल्लक वाटेल, पण गोखरूचे काटे ज्याने एकदा चाकांतून वेचले आहेत त्याला ती वाटणार नाही. ट्यूबमध्ये पंक्चर भरणारे द्रावण पहिल्याच दिवशी घालून ठेवावे.

जागेच्या मोहाबद्दल दोन शब्द. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा तो विस्तीर्ण सपाट किनारा पाहिलेला आहे आणि इथे बोर्ड कसा पळेल असे मलाही वाटून गेले होते. तो चिखल आहे, आणि भरतीचे पाणी मंदिराचे शिवलिंग बुडवते ते वाट पाहून नव्हे. कडक सपाटीचे खरे सुख कच्छच्या छोट्या रणात आहे, पण ते रानगाढवांचे अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगी लागते आणि अंतरही 200 किलोमीटरच्या आसपास पडते.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत मात्र शहराजवळ दोन्ही पतंग बांधून ठेवावेत. आपल्या पतंगाच्या दोऱ्या डायनीमासारख्या धाग्याच्या असतात. त्या ओढीला अतिशय पक्क्या, पण 150 अंशांच्या आतबाहेर वितळणाऱ्या, त्यामुळे घासणाऱ्या मांजापुढे त्या पेच लढण्याआधीच हरतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या आणि कृत्रिम मांजावर बंदी घातली असली तरी झाडांवरून लोंबणारा आणि मैदानात पसरलेला मांजा फेब्रुवारीतही चाकांच्या आसाला गुंडाळलेला सापडतो. गेंडीगेटच्या पतंग बाजारात मी एकदा माझ्या दोऱ्या दाखवल्या होत्या. दुकानदाराने त्या बोटावर घासून पाहिल्या आणि इतक्या महागाच्या दोऱ्यांनी काहीच कापता येत नाही याचे त्याला मनापासून वाईट वाटले.

ज्यांना पुढेमागे पाण्यावर जायचे आहे, ज्यांची पाठ किंवा खांदे कुरकुरतात, किंवा ज्यांच्यासोबत मैदानावर कायम कुणीतरी असणार आहे, त्यांनी डीपॉवर घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. बारची सवय लवकर लागणे त्यांच्या फायद्याचेच आहे. एकट्याने, शहराच्या कडेच्या मैदानावर, झुळकांच्या वाऱ्यात सुरुवात करणाऱ्याला मात्र मी हँडलेच हातात देईन. मित्राचा पतंग मी जूनच्या अखेरीस, पहिल्या पावसानंतर, पुण्याला परत पाठवला. त्याच्या ब्रायडलमधून काटे आणि काड्या काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि एक पुली तरीही कुरकुरतच गेली.