डिफॉल्टडिक्ट: आठ महिने वापरल्यावर

पायथनच्या डिक्टमध्ये (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारी डिक्शनरी) काही गोळा करताना दर लूपमध्ये तेच लिहून कंटाळलो होतो: ती की (key) आहे का बघ, नसेल तर रिकामी लिस्ट ठेव, मग अपेंड कर, म्हणजे शेवटी जोड. शेवटी पायथनचा डिफॉल्टडिक्ट वापरायला घेतला, म्हणजे नसलेल्या कीला सुरुवातीची किंमत आपणहून देणारा डिक्ट. नवीन काही नाही, 2006 सालच्या 2.5 आवृत्तीपासून तो कलेक्शन्स मॉड्यूलमध्ये आहे. आळस माझाच.

माझं काम लॉगमधल्या एरर युजर आयडीप्रमाणे गोळा करण्याचं. डिफॉल्टडिक्टला 'लिस्ट' दिलं की झालं, थेट अपेंड. (कंसासकट रिकामी लिस्ट देऊ नका, टाइप-एरर येतो. त्याला तयार वस्तू नको, ती बनवणारं फंक्शन हवं.) पहिला महिना मजेत गेला.

मग रिपोर्टमध्ये असे युजर दिसायला लागले ज्यांना एकही एरर आलेली नव्हती. नावापुढे रिकामी लिस्ट. अर्धा दिवस लॉग वाचणाऱ्या कोडला शिव्या घातल्या, आणि चोर निघाला खालच्या एका साध्या इफमध्ये. 'या युजरच्या एरर आहेत का' हे मी चौकोनी कंसाने विचारत होतो. डिफॉल्टडिक्टमध्ये कंसाने नुसतं डोकावलं तरी नसलेली की तयार होऊन बसते! हेच त्याच डिक्टवर लूप फिरत असताना केलंत, तर आकार बदलल्याचा रनटाइम-एरर येतो. तो परवडला, निदान ओरडतो तरी.

की आहे का विचारणारा 'इन' आणि किंमत मागणारा 'गेट' असं करत नाहीत. पण 'गेट' नसलेल्या कीला रिकामी लिस्ट नाही, नन (None, म्हणजे 'काहीच नाही') देतो. यात मी दोनदा फसलो. नुसतं मोजायचं असेल तर काउंटर बरा: नसलेल्या कीला शून्य सांगतो आणि की जन्मालाही घालत नाही.

डिक्टच्या आत डिक्ट हवा म्हणून लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) दिला होता, तर तो डिक्ट पिकल होईना, म्हणजे फाइलमध्ये साठवता येईना. मॉड्यूलच्या पातळीवर नाव असलेलं फंक्शन लिहिलं, प्रश्न मिटला.

आता भरणं संपलं की डिफॉल्ट-फॅक्टरीला (सुरुवातीला दिलेल्या त्या फंक्शनच्या जागी) नन देऊन टाकतो. तिथून पुढे तो साध्या डिक्टसारखा वागतो, नसलेल्या कीला की-एरर देतो. कॉन्फिगसाठी मात्र डिफॉल्टडिक्टला हातच लावत नाही. तिथे कीचं स्पेलिंग चुकलं तर मला की-एररच हवा असतो.